हळू आवाजात मागितलेलं चूर्ण

अगं, परवा फोनवर तू पुन्हा तेच रडगाणं लावलंस. दुपारी तीनपासून छातीत जळजळ, संध्याकाळी पोट टम्म, आणि सकाळी अर्धा तास बसूनही मोकळं वाटत नाही. वर म्हणालीस, "ताई, तिखट सोडलं, वांगं सोडलं, तुरीचं वरणसुद्धा सोडलं, तरी फरक नाही." तेव्हा काउंटरवर गर्दी होती म्हणून मी नुसतं हं हं केलं. आज रविवार आहे, दुकान दुपारी बंद. आता निवांत ऐक, आणि मध्ये मध्ये "हो गं, माहीत आहे" म्हणू नको.

हिंगणघाटात इतकी वर्षं मेडिकलवर बसून मला माणसांची पोटं कळायला लागली आहेत. सोमवारी सकाळी पुरुष येतात. आदल्या रात्री अकरा वाजता सावजीचं मटण हाणलेलं असतं. गाडी बंद न करताच ओरडतात, "ग्यासची गोळी द्या हो!" बायका अशा मागत नाहीत. बाजूला उभ्या राहतात, गिऱ्हाईक पांगायची वाट बघतात, मग काउंटरवर वाकून विचारतात, "ते... पोट साफ व्हायचं आहे का काही?" मी नाव न उच्चारता डबी कागदात गुंडाळून देते आणि ती पर्सच्या तळाशी जाते. खोकल्याचं औषध कुणी असं तळाशी ठेवत नाही.

तुझं दुखणंही या लपवाछपवीतलंच आहे, असं माझं ठाम मत आहे. तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा तुझा दिवस मी बघितलाय. साडेपाचला उठतेस. रिकाम्या पोटी चहा आणि दोन टोस. मग सासऱ्यांचा काढा, पोरांचे डबे, नवऱ्याचा डबा, शेवटी तुझा. सातच्या सुमारास पोट खूण करतं, तू म्हणतेस "नंतर", कारण नागपूरची गाडी. स्टेशनाबाहेर उभ्याउभ्या तर्री पोहे. ऑफिसात दिवसभर दोन घोट पाणी, कारण तिथलं बाथरूम जाण्याजोगं नाही. डबा उघडतो तीनला. घरी पोचेस्तोवर आठ, सगळ्यांना वाढून झाल्यावर दहाला तू बसतेस, आणि उरलंय ते वाया नको म्हणून दोन घास जास्तच जातात. साडेदहाला आडवी. आता मला सांग, यात वांग्याचा काय गुन्हा?

सकाळची गोष्ट आधी घेऊ, कारण सगळं तिथून बिघडतं. झोपेतून उठल्यावर आणि जठरात काही पडल्यावर मोठं आतडं आपोआप चाळवतं. वर माल आला, खाली जागा करा, असा निरोपच जातो म्हण. ही हालचाल दिवसभरात सकाळी सगळ्यात जोरात असते, आणि नेमकी त्याच वेळी तू पोळ्या लाटत असतेस. हाक टाळली की मळ तिथेच थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, तो कोरडा आणि कडक होतो. रोजच टाळलं तर हाक येणंच मंदावतं. मग चूर्ण. चूर्णाने आतडं ढवळून निघतं, दुसऱ्या दिवशी अर्थातच काही होत नाही, कारण आत काही उरलेलंच नसतं. तू म्हणतेस पुन्हा अडलं, आणि पुन्हा चमचाभर चूर्ण. बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. कधीमधी घेतली तर काही बिघडत नाही, पण रोज लागायला लागली तर दुकानदाराकडून डबी नेण्यापेक्षा डॉक्टरकडे जावं. मी दुकानदार असून सांगते.

आणि रोज व्हायलाच पाहिजे हा हट्टही सोड. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळं सर्वसाधारणात बसतं. कुंथावं लागत नाही, कडक नाही, नंतर मोकळं वाटतं, एवढं जमलं तर एखादा दिवस सुना गेला म्हणून डोक्याला हात लावायचं कारण नाही.

तुझ्याकडे कमोड आहे ना? पायाखाली लहानसा पाट किंवा स्टूल ठेव. गुडघे कमरेच्या थोडे वर आले की आतला एक स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. उकिडवं बसायची आपली जुनी पद्धत यासाठीच सोयीची होती. मोबाइल बाहेर ठेवायचा. पंधरा मिनिटं तुझी, आणि तेवढ्या वेळात कुणी दार वाजवलं तर वाजवू दे.

लाजतेस कशाला एवढी? आपण वर्ध्याच्या पोरी. ज्या माणसामुळे आपला जिल्हा जगाला ठाऊक झाला, तो 1936 साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात येऊन राहिला, आणि त्याच्याइतकं बद्धकोष्ठावर उघडपणे बोलणारा पुढारी तुला शोधून सापडायचा नाही. एनिमा, पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, बिनमसाल्याची उकडलेली भाजी, सगळं आधी स्वतःवर करून बघायचं आणि मग छापूनही टाकायचं. मातीच्या पट्टीने माझं फारसं समाधान होत नाही, ते सोड. पण गांधींच्या आत्मकथेतली 1918 सालची एक हकीकत मला फार आवडते. सैन्यभरतीसाठी खेडा जिल्ह्यात पायपीट चालली होती. गाईम्हशीचं दूध सोडलेलं, शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू यांवर मुख्य भिस्त. ते अति झालं आणि पोट बिघडलं. जरा आवरत आलं तोच सणाचा दिवस आला. कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी केली, सोबत मूग. जेवायचं नाही असं ठरवलेलं, तरी मोह झाला. तासाभरात आव उलटली आणि माणूस मरणाच्या दाराशी जाऊन आला.

बघ, शेंगदाणे, मूग, गहू. यातलं काय वाईट आहे? तिखटाचा कण नाही, तळण नाही. खाल्लं ते चांगलंच होतं. चुकली ती वेळ आणि चुकलं ते माप. तुझ्या डब्यातली मटकी सकाळी साडेदहाला खाल्लीस तर पचेल, तीच रात्री दहाला दोन वाट्या चापल्यावर रात्रभर पोटात बोलेल.

आता ताटाकडे येते. तू भाकर सोडून पोळीवर गेलीस, आता पोळीलाही दोष देतेस. दोन्हीत चोथा जवळपास सारखाच आहे गं. शंभर ग्रॅम ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास, सबंध गव्हाच्या पिठात 11 च्या आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात मात्र जेमतेम 3. गडबड तुझ्या चाळणीत आहे. पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून तू कणीक बारीक चाळणीने चाळतेस आणि कोंडा गाईला घालतेस. गाय ठणठणीत, तू इथे चूर्ण शोधतेस. चाळायचंच तर मोठ्या भोकाच्या चाळणीने चाळ, काडीकचरा निघाला की बास.

या गोष्टीवर वर्ध्यात अख्खी चळवळ उभी राहिली होती, हे तुझ्या पोरांना शाळेत कुणी सांगत असेल का देव जाणे. 1934 सालच्या शेवटी ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी मगनवाडीची जागा दिली आणि जे. सी. कुमारप्पा तिथे कामाला बसले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, बैलघाणीचं तेल, गूळ. त्यांचा हेतू खेड्यातल्या हातांना काम मिळावं हा होता. पण गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या धान्यातून काय निघून जातं, हेही ते सांगत होते. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात गांधींनी सोयाबीनचेही प्रयोग केले. तेच सोयाबीन आज आपल्या वावरा-वावरात आहे आणि घरात येतं ते फक्त तेलाच्या पिशवीतून!

आपल्याकडच्या जुन्या जेवणात पोटाला हवं ते बहुतेक सगळं होतं. ज्वारीच्या कण्या आणि ताक. अंबाडीची भाजी. जवसाची चटणी, जवसात तर शंभर ग्रॅममागे 26 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, रोज चमचाभर भाकरीवर घेतलीस तरी फरक पडेल. मात्र उद्याच सगळं एकदम सुरू करू नको. चोथा एकाएकी वाढवला तर पोट आणखी फुगतं आणि तू मला शिव्या घालशील. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढव, आणि सोबत पाणी वाढव. पाण्याविना चोथा म्हणजे पाण्याविना मळायला घेतलेली कणीक. इसबगोलाचंही तेच: भरपूर पाण्यात घालून लगेच प्यायचं, तोंडात कोरडं टाकून वर घोटभर पाणी असं नाही. घशात अडकतं ते.

पाण्यावरून आठवलं. ऑफिसच्या बाथरूमचं तू सांगितलंस तेव्हा मला राग आला, पण नवल वाटलं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि कितीतरी बायका तहान मारून दिवस काढतात, जायला जागा नाही म्हणून. आतडं पाणी कुठून आणणार? मळातूनच ओढून घेणार. हे कुठल्या चूर्णाने सुटायचं नाही. तुम्ही चार-पाच जणी मिळून साहेबांकडे लेखी द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. आणि लघवी गर्द पिवळी दिसली की समज, पाणी कमी पडतंय.

तुरीचं वरण सोडलंस ते पुन्हा सुरू कर. विदर्भातल्या बाईने तुरीचं वरण सोडायचं म्हणजे माहेर सोडण्यासारखंच झालं की. डाळी-कडधान्यांत एक प्रकारची साखर असते, ती आपल्याला लहान आतड्यात पचवता येत नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि वारा धरतो. हरभरा, वाल, राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दे, नव्या पाण्यात गाळ शिजव, वाटी लहान घे. मोड आणलेस तर आणखी बरं. हिंग घालतेसच. थोडा वारा धरणं आजार नाही, पोट चालू असल्याची खूण आहे.

आणि तो तुझा गुरुवारचा उपास. गजानन महाराजांवर माझीही श्रद्धा आहे, पण सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी बटाट्याचा चिवडा, रात्री पुन्हा उसळ, यात चोथ्याचं नाव नाही आणि शेंगदाण्याच्या कुटाचं तेल मात्र भरपूर. शुक्रवारी सकाळी तुझं अडतं ते यामुळेच. उपास सोडू नको. भगर, राजगिरा, ताक, एखादा पेरू नाहीतर पपई, एवढा बदल कर. महाराजांची हरकत नसावी.

आता जळजळीचं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक गोल स्नायू असतो, तो दार मिटून धरतो. भरगच्च जेवण, तेलकट तर्री, तंबाखू, दारू यांनी तो ढिला पडतो, आणि आडवं झालं की आम्ल वर सरकतं. तळलेलं-तुपकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. तू म्हणशील, कसं जमवू? सगळ्यांना वाढून मग मी, हा जो नियम तू पाळतेस तो कुठल्या पोथीत लिहिलाय ते दाखव. आठला घरी पोचतेस ना, साडेआठला सगळ्यांसोबत ताटावर बस. जे झालंय ते खा. गरम पोळी शेवटच्या माणसाला मिळाली नाही तर कुणी मरत नाही. रात्रीचं हलकं ठेव, पोटभर खायचं ते दुपारी.

झोपताना डाव्या कुशीवर झोप. दोन उशा घेऊन काही होत नाही, उलट कंबर मोडून पोट दाबलं जातं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेव, सहा-आठ इंच वर येईल असं. हसू नको, याचा खरंच उपयोग होतो.

तिखटाचं काय, तर मिरचीने आधीच चिडलेल्या पोटाला झोंबतं, त्यामुळे त्रास असेपर्यंत हात आखडता घे. पण मिरचीने अल्सर होतो ही समजूत जुनी झाली. तर्रीत तुला बाधते ती वरची तेलाची लाल साय आणि रिकाम्या पोटी खाण्याची घाई. पोहे घरी खा, कोथिंबीर-लिंबू घालून, वाटीभर चणे वर घेऊन, बसून.

जावईबुवांचा खर्रा मात्र मला तिखटापेक्षा शंभर पटीने खुपतो. तंबाखू, सुपारी, चुना, दिवसाला किती पुड्या होतात त्या त्यांनाच ठाऊक. जळजळ तर आहेच, पण तोंड उघडायला त्रास होतो का तेही एकदा विचार. आणि आपला जिल्हा 1974 पासून दारूबंदीचा असला तरी जळजळीच्या गोळ्या कुणासाठी जातात ते मी काउंटरवरून बघते. त्यावर जास्त बोलत नाही.

गोळ्यांचंही सांगून टाकते. तू जी सकाळची आम्लाची गोळी घेतेस ती जळजळ सुरू झाल्यावर जेवणानंतर घेऊन फारसा उपयोग नाही. ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची. आणि डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी लिहिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षं चालवायची नसते. फार काळ घेतली तर बी-12 कमी होऊ शकतं. पाण्यात फेस येणाऱ्या पुडीत सोडियम असतं, सासऱ्यांना बीपी आहे, त्यांना रोज देऊ नको. गुडघेदुखीसाठी तू स्वतःच्या मनाने पेनकिलर खातेस ना? अल्सरच्या दोन मोठ्या कारणांपैकी एक ते आहे. लोहाच्या गोळीने पोट अडतं, शौच काळं दिसतं, हेही ध्यानात ठेव. थायरॉइड एकदा तपासून घे. ते मंद असलं तरी पोट मंदावतं.

अल्सरचं दुसरं कारण म्हणजे एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपल्या विनोबांना पोटातल्या अल्सरने किती वर्षं छळलं, दही-दूध थोडं थोडं करून दिवसातून कितीदा तरी घ्यायचे, भूदानाच्या पदयात्रेतसुद्धा. तेव्हा डॉक्टर मंडळी आम्ल आणि चिंता यांवरच बोट ठेवायची. विनोबा गेले 1982 च्या नोव्हेंबरात, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो जंतू वाढवून दाखवला. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज तपासणीत तो सापडला तर दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा जातो. म्हणून पथ्य करत कुढत बसण्याआधी तपासणी करावी.

तरी विनोबांची दुसरी गोष्ट मला तुला सांगायचीच आहे. 1938 मध्ये त्यांचं वजन 88 पौंडांवर आलं होतं, म्हणजे 40 किलो. थंड हवेच्या ठिकाणी जा, असा सल्ला मिळाला. ते गेले आपल्या पवनारला! धाम नदीकाठी जमनालालजींचा बंगला होता तिथे. डोक्यातली सगळी कामं उतरवून ठेवायची ठरवलं आणि शेतात खणायला लागले, आधी पाच-दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत. वजन भरून आलं. पोट आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची थेट ये-जा असते. दहावीला पेपरच्या सकाळी तुझं काय व्हायचं आठवतंय ना? तीच गोष्ट आता रोज बारीक प्रमाणात चालू आहे. तपासण्या सगळ्या ठीक आणि तरी पोट दुखतं, कधी अडतं कधी ढिलं होतं, अशा बायकांना घरचे म्हणतात "मनाचे खेळ". मनाचे खेळ नाहीत, आतड्याची नस खरोखर हळवी झालेली असते, आणि त्यावर उपचार आहेत. तुला शेत खणायला सांगत नाही. जेवणानंतर अंगणात दहा मिनिटं फेऱ्या मार, आणि सुटीच्या दिवशी फोन बंद करून झोप.

आता हे नीट ऐक. शौचात रक्त, डांबरासारखं काळं शौच, काही न करता वजन उतरणं, घास अडकणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सारख्या उलट्या, तपासणीत रक्त कमी निघणं, यातलं एक जरी असलं तर माझं हे सगळं बाजूला ठेवून सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात जा आणि लागली तर दुर्बीण घालून घे. मूळव्याध असेल म्हणून घरी ओळखू नको. पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली तर तेही दाखवायचं. हे शेवटचं आईला लागू आहे, तुला नाही. आणि जळजळीसोबत घाम, धाप, जबडा किंवा हात दुखणं असलं तर ग्यासची गोळी शोधत बसायचं नाही, तडक दवाखाना. ग्यास समजून हार्ट अटॅक घरी काढलेली माणसं मी काउंटरवर बघितलीत.

बाकी तुला चूर्ण हवंच असलं तर ये, देते. पण मोठ्याने मागायचं, चार माणसांत, तेव्हाच मिळेल. आणि उद्यापासून पोरांचे डबे जावईबुवांनी भरायचे. ते कुरकुर करतील. केली की फोन माझ्याकडे द्यायचा.